गांवांत तयार होणारी वीज आणि रोहित्रावरील जागा

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांच्या घरावर किंवा गोठ्यावर सूर्यशक्तीचीं पॅनेलें बसलीं आहेत, किंवा ज्यांनीं आपला पडीक माळ सौर प्रकल्पास भाड्यानें देण्याचा विचार मनांत आणिला आहे, अशा गृहस्थांची संख्या आतां थोडी राहिली नाहीं. ते भेटले म्हणजे बोलणें बहुधा दोनच गोष्टींचें निघतें: सरकारची सूट किती आणि घातलेला पैसा किती वर्षांत फिटतो. तिसरी गोष्ट क्वचितच कोणी विचारतो, आणि तीच सर्वांआधीं विचारावयाची आहे. ती ही कीं, आपल्या वस्तीच्या डी.पी.वर, म्हणजे रोहित्रावर, आपल्या विजेला जागा आहे काय? नसल्यास ती करून देण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा? ह्याचें उत्तर पॅनेलें विकणाऱ्या दुकानदारापाशीं मिळत नाहीं. तें कायद्यांत व नियमांत आहे. प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनीच्या खुर्चीवर तीस वर्षें काढिलीं, त्यांत सरकारी कागद वाचण्याची जी संवय लागली तिच्या जोरावर हा विषय स्वतःच्या गरजेपुरता समजून घेतला. जें समजलें तें बंधूंपुढें ठेवितों.

प्रथम विजेची वाट कशी आहे तें पाहूं. कालव्यावर ज्यांचें बागाईत आहे त्यांस हें लवकर उमजेल. धरणापासून कालवा, कालव्यापासून वितरिका, वितरिकेपासून चारी, आणि चारीच्या शेवटीं टेलचा शेतकरी. कालवा मुखाशीं रुंद व टेलला अरुंद ठेवितात, कारण पाणी एकाच दिशेनें जावयाचें असतें. विजेच्या तारांची रचनाही अशाच हिशेबानें झाली. दूरच्या विद्युत्केंद्रांतून उंच मनोऱ्यांवरून वीज येते. तालुक्याच्या किंवा मोठ्या गांवच्या उपकेंद्रांत ३३ के.व्ही. दाबाची वीज ११ के.व्ही.वर उतरते, तेथून निघणाऱ्या वाहिनीला आपण फीडर म्हणतों, आणि वस्तीवरचें रोहित्र ती वीज ४३३ व्होल्टवर आणून मोटारीला व घराला देतें. ही सर्व आंखणी करतांना इंजिनियरांनीं एकच गोष्ट मोजिली, कीं टेलला किती वीज लागेल. टेलकडून वीज येईल हें कोणाच्या गांवींही नव्हतें.

आतां टेलच्या शेतकऱ्यानें आपल्या विहिरीचें पाणी चारींत सोडलें अशी कल्पना करा. थोडें सोडलें तर शेजाऱ्याचें रान भिजेल व वरून तितकें पाणी कमी लागेल, सर्वांचाच फायदा. फार सोडलें तर चारी फुगेल, पाणी उलटें चढूं लागेल आणि जेथें कांठ कच्चा तेथें फुटेल. छपरावरच्या विजेचें अगदीं असेंच आहे. ती थोडी असतां वितरण कंपनीचा तोटाच वांचतो, कारण दूरवरून आणलेली वीज तारांत जितकी जिरते तितकी ही जिरत नाहीं. ती प्रमाणाबाहेर झाली म्हणजे दाब वाढतो आणि वीज उलट दिशेनें रोहित्रांतून वर चढूं लागते. थोडें कोठें संपलें व फार कोठें सुरू झालें हें ठरविणें, हाच ह्या नियमांचा सर्व खटाटोप आहे.

गांवांत वीज तयार करणें ही गोष्ट आपल्या देशांत अगदीं नवी आहे असें मात्र समजूं नये. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रांतून १९१५ सालीं मुंबईस पाण्यावरची वीज मिळूं लागली खरी; परंतु त्या काळांत आणि पुढेंही कित्येक वर्षें पुष्कळ शहरगांवीं लहान लहान वीज कंपन्या होत्या, त्यांचें आपापलें इंजिन असे व त्यांच्या तारा गांवाच्या वेशींत संपत. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें प्रांतोप्रांतीं मंडळें स्थापण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजीं अस्तित्वांत आलें, आणि लहान कंपन्या हळूहळू त्यांत विरल्या. अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांत मुळा-प्रवरा ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था मात्र स्वतः वीज वांटीत असे. तिचा कारभारही २०११ सालीं संपला. मंडळाचे २००५ सालीं भाग पडले, तेव्हांपासून आपल्या बहुतेक सर्वांचा संबंध महावितरण कंपनीशीं येतो. म्हणजे गांवची वीज एकदां शहराच्या मोठ्या केंद्राच्या स्वाधीन झाली, आणि आतां ती छपरावरून व माळावरून परत गांवांत तयार होऊं लागली आहे. तारा मात्र त्याच आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ७ प्रमाणें वीज उत्पन्न करण्यास परवाना लागत नाहीं. त्याच कायद्याचें कलम ४२ वितरण कंपनीवर असें कर्तव्य घालतें कीं, तिनें आपलें वांटपाचें जाळें कार्यक्षम, सुसंगत व काटकसरीचें राखावें आणि वाढवावें. कलम ८६ राज्याच्या नियामक आयोगास सांगतें कीं, ऊन, वारा, उसाचें चिपाड इत्यादींपासून होणाऱ्या विजेस जाळ्याशीं जोडून घेण्याची योग्य व्यवस्था करून तिला उत्तेजन द्यावें. बारकाईनें पाहिल्यास ह्या दोन कलमांत थोडी ओढाताण आहे. एक म्हणतें जाळें संभाळा, दुसरें म्हणतें नवीन वीज आंत घ्या. ही ओढाताण मिटविण्याचें काम आयोगाच्या नियमांवर येऊन पडलें.

महाराष्ट्राच्या आयोगानें २०१५ सालीं छपरावरील विजेसाठीं जे नियम केले त्यांत रोहित्राच्या ठरीव शक्तीच्या ४० टक्क्यांपलीकडे अशी वीज एका रोहित्रावर जोडूं नये, अशी मर्यादा होती. २०१९ च्या नियमांनीं ती ७० टक्के केली, आणि भाराचा सविस्तर अभ्यास करून कंपनीस त्याहीवर जातां येईल अशी सोय ठेविली. वस्तीवर सामान्यतः ६३ किंवा १०० के.व्ही.ए.चें रोहित्र असतें. ६३ च्या रोहित्रावर ४० टक्के म्हणजे सुमारें २५ किलोवॅट, अर्थात् तीन-तीन किलोवॅटचीं आठ घरें; ७० टक्के म्हणजे सुमारें ४४ किलोवॅट, अर्थात् चौदा घरें. आठाचीं चौदा झालीं ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पंधराव्या घराचें काय, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सूर्यघर योजना काढून दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागें ३० हजार आणि तीन किलोवॅट व त्यावर एकंदर ७८ हजार रुपयांची सूट जाहीर केली, तेव्हां हें पंधरावें घर पुष्कळ वस्त्यांवर लौकरच उभें राहिलें.

त्याच महिन्यांत, २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं, वीज ग्राहकांच्या हक्कांविषयींच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली. ती प्रत्येक शेतकऱ्यानें पाठ करून ठेवावी इतक्या योग्यतेची आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जास रोहित्राची तांत्रिक तपासणी न करतांच मंजुरी मिळाली असें समजावयाचें. त्याहून मोठ्या अर्जाची तपासणी कंपनीनें पंधरा दिवसांत पुरी करून उत्तर द्यावयाचें. उत्तर न आल्यास अर्ज मंजूर समजावयाचा. आणि पांच किलोवॅटपर्यंतच्या छपरी विजेसाठीं तारा, रोहित्र वगैरे बळकट करणें लागल्यास तें कंपनीनें स्वतःच्या खर्चानें करावयाचें. हें शेवटचें वाक्य छापील कागदावर दोन ओळींचें आहे, पण त्याचें मोल हजारों रुपयांचें आहे.

मला तें कसें उपयोगीं पडलें तें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्याच वर्षीं मीं राहत्या घरावर पांच किलोवॅटसाठीं अर्ज केला. संबंधित कचेरींतून तोंडीं उत्तर मिळालें कीं, "तुमची डी.पी. फुल आहे, नवीन रोहित्राचे पैसे भरत असाल तर पाहूं." कारकुनी केलेला मनुष्य तोंडी नकारास नकार मानीत नाहीं. मीं विनंती केली कीं, हेंच लिहून द्यावें, म्हणजे मला पुढें दाद मागतां येईल. लिहून कोणी दिलें नाहीं. तेव्हां दुरुस्तीची प्रत जोडून दुसरा अर्ज दिला, त्यावर तारखेसह पोंच घेतली, आणि दहा किलोवॅटच्या आंतील अर्ज तपासणीवांचून मंजूर समजावयाचा असून पांचपर्यंतचा बळकटीचा खर्च कंपनीचा आहे, एवढीं दोनच वाक्यें त्यांत लिहिलीं. पुढें फार बोलावें लागलें नाहीं. मीटर बसलें.

पण ह्या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, नाहीं तर वाचकांची फसवणूक होईल. माझ्यामागून आमच्या आळींत आणखी पांच-सहा घरांवर पॅनेलें चढलीं. पुढच्या चैत्र-वैशाखांत भर दुपारीं माझें इन्व्हर्टर वारंवार बंद पडूं लागलें. ऊन लखलखीत, आकाशांत ढग नाहीं, आणि यंत्र मुकें! दुकानदारानें यंत्रांत दोष नसल्याचें सांगितलें, आणि तो खरें बोलत होता. घरांतली वीज २३० व्होल्टची असावी, आणि ती ६ टक्क्यांपलीकडे वर किंवा खालीं जाऊं नये हा १९५६ च्या नियमांपासूनचा दंडक. म्हणजे २१६ ते २४४ पर्यंत ठीक. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणें दाब ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर, गेला कीं इन्व्हर्टरनें दोन सेकंदांत स्वतः होऊन जाळ्यापासून सुटें व्हावयाचें. दुपारीं बारा ते तीन आळींतले लोक शेतावर, घरांत एखादा पंखा व फ्रीज, आणि सहासात छपरांवरची वीज एकाच बारीक तारेंत शिरलेली, दाब चढणारच. चारी फुगली होती.

त्यांतून आमची आळी टेलची. पूर्वीं संध्याकाळीं शेवटच्या घरांत दिवा मिणमिणत असे, म्हणून उपकेंद्रावर दाब मुद्दाम थोडा चढता ठेवीत असत. रात्रीच्या रोगावरचें तें औषध दुपारीं विष झालें. अखेर एका जाणत्या लाइनमननें खरें कारण शोधलें. आमचीं सर्व घरें तीन फेजांपैकीं एकाच फेजवर होतीं; दुसऱ्या दोन फेजांवर कोणाचीच पॅनेलें नव्हतीं. त्यानें तीन घरांच्या जोडण्या हलवून फेज वांटून दिले आणि तक्रार बहुतांशीं मिटली. खर्च जवळजवळ कांहींच झाला नाहीं.

ह्यावरून माझें मत असें झालें आहे कीं, रोहित्राच्या शक्तीचे अमुक टक्के ही मर्यादा म्हणजे आणेवारीसारखी ढोबळ आहे. ती अगदीं टाकाऊ नाहीं. कांहीं तरी हिशेब लागतोच. परंतु तार किती लांब आहे, किती जाड आहे, कोणत्या फेजवर किती घरें आहेत, दुपारीं वस्तींत किती वीज खपते, ह्या चार गोष्टी पाहिल्याशिवाय चाळीस काय आणि सत्तर काय, दोन्ही आंकडे आंधळे. एखाद्या वस्तीवर पिठाची गिरणी व दूध थंड करण्याचें यंत्र दुपारीं चालत असेल तर तेथें ८० टक्केही सहज जिरतील. आमच्यासारख्या ठिकाणीं ३० टक्क्यांवरच यंत्रें बंद पडतील. २०१९ च्या नियमांत भाराच्या अभ्यासानें मर्यादा ओलांडण्याची जी वाट ठेविली आहे तिचा उपयोग लोक करीत नाहींत, कारण ती आहे हेंच त्यांस ठाऊक नसतें.

इन्व्हर्टरनें आपण होऊन बंद पडण्याचें आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल कोणी कुरकूर करूं नये. फीडर बंद करून वायरमन खांबावर चढला असतां खालच्या छपरांवरून तारेंत वीज शिरली तर त्याचा प्राण जाईल. म्हणून जाळ्यांतील वीज गेली कीं छपरावरची वीजही तत्काळ थांबली पाहिजे असा सक्त नियम आहे. भर उन्हांत वीज गेली आणि पॅनेलें असून घरांत अंधार, हें पाहून पुष्कळांस राग येतो. पण तो अंधार कोणाच्या तरी मुलाबाळांच्या बापासाठीं आहे. बॅटरी व वेगळी जोडणी केल्यास घरापुरती वीज चालूं ठेवतां येते.

ह्याच नियमामुळें शेतांतील घर किंवा कुक्कुटपालनाची शेड असलेल्या बंधूंनीं एक सावधगिरी घ्यावी. गांवठाणाचा फीडर निराळा व शेतीचा निराळा अशी वांटणी पुष्कळ ठिकाणीं झाली आहे. शेतीच्या फीडरला वीज पाळीनें येते. ज्या आठवड्यांत पाळी रात्रीची, त्या आठवड्यांत दिवसा फीडर बंद. आणि फीडर बंद म्हणजे तुमचीं पॅनेलेंही बंद. आठवडाभर ऊन फुकट जावयाचें. पैसे भरण्यापूर्वीं आपली जोडणी कोणत्या फीडरवर आहे हें मीटरच्या बिलावरून व वायरमनकडून पक्कें करून घ्यावें. ज्यांनीं सरकारी योजनेंतून जाळ्याशीं न जोडलेला स्वतंत्र सौर पंप घेतला आहे त्यांस हा प्रश्न येत नाहीं. त्यांची अडचण उलट आहे, कीं पिकाला पाणी नको असतां त्या पंपाची वीज कोणाच्याही उपयोगीं पडत नाहीं.

आतां माळावरच्या मोठ्या प्रकल्पांकडे वळूं. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी व कंपनीवरील भार हलका व्हावा, ह्या हेतूनें राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढिली. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीची निवड आरंभींच्या गांवांत झाली होती. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज तेथल्याच शेतीफीडरांवर दिवसा सोडावयाची, ही त्यांतली युक्ति. रात्रीं दोन वाजतां बॅटरी हातांत घेऊन दारें धरण्यास गेलेल्या मनुष्यास ह्या युक्तीचें महत्त्व समजावून सांगावयास नको. विंचूकांटा, बिबट्या, थंडी ह्यांनीं किती जणांचा घास घेतला तें प्रत्येक गांवाला माहीत आहे. २०२३ सालीं ह्या योजनेची दुसरी आवृत्ति निघाली, आणि वैजापूर तालुक्यांत धोंदलगांव येथें तींतील पहिला, तीन मेगावॅटचा, प्रकल्प २०२४ मध्यें सुरू झाला.

केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेच्या पहिल्या भागांत तर शेतकऱ्यानें स्वतः, किंवा सहकारी संस्थेनें, अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प उपकेंद्रापासून पांच किलोमीटरच्या आंत, पडीक जमिनीवर उभारावा आणि कंपनीनें ती वीज पंचवीस वर्षें विकत घ्यावी, अशी सोय ठेविली होती. पिकाऊ जमीन असेल तर उंच खांबांवर पॅनेलें बसवून खालीं पीक घेण्यासही मुभा होती. एक मेगावॅटला चार-पांच एकर जागा लागते आणि वर्षास सुमारें पंधरा-सोळा लाख युनिटें निघतात. वीज विकत घेणाऱ्या कंपनीलाही केंद्रानें पांच वर्षें युनिटमागें ४० पैसे, परंतु मेगावॅटमागें वर्षास ६ लाख ६० हजारांहून अधिक नाहीं, असें उत्तेजन देऊं केलें होतें.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें ह्या योजनेंतील सर्वांत महत्त्वाची अट निराळीच आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष गेलें. कंपनीनें उपकेंद्रनिहाय किती वीज आंत घेतां येईल त्याची यादी आधीं जाहीर करावयाची, आणि अर्ज जास्त आले तर चढाओढ लावावयाची. म्हणजे रोहित्रावर जो प्रश्न पंधराव्या घराचा, तोच उपकेंद्रावर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकल्पाचा. ग्रामीण उपकेंद्रांत पांच किंवा दहा एम.व्ही.ए.चें रोहित्र असतें. त्यावरची जागा एकदां भरली कीं मागून येणाऱ्यास दुसरें रोहित्र बसेपर्यंत थांबावें लागतें, मग त्याची जमीन उपकेंद्राच्या कुंपणाला लागून कां असेना. पावसाळ्यांत पंप बंद असतात तेव्हां हीच वीज फीडरवर न जिरतां वर ३३ के.व्ही.कडे चढते, म्हणून कंपनी जागा मोजतांना हात राखून मोजते. तें अगदींच चुकीचें नाहीं. मात्र ही यादी मराठींत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. ती जेथें प्रसिद्ध होते तेथपर्यंत आमचा शेतकरी पोंचत नाहीं. पोंचतो तो शहरांतला ठेकेदार. परिणाम असा कीं, उपकेंद्र गांवच्या जमिनीवर, ऊन गांवचें, माळ गांवचा, आणि गांवकऱ्याच्या वांट्याला भाडें तेवढें येतें. भाडें वाईट नाहीं. परंतु मालकी व भाडें ह्यांतला भेद कूळकायद्याच्या पिढीला सांगावयास नको. स्वतः प्रकल्प उभारण्यास भांडवल कोट्यवधींचें लागतें आणि युनिटला मिळणारा दर तीन रुपयांच्या आसपास, हें खरें. एकट्यादुकट्याचें तें काम नाहीं. पण साखर कारखाने ज्यांनीं उभे केले त्यांच्या जिल्ह्यांत पंचवीस शेतकऱ्यांची संस्था दोन मेगावॅटचा प्रकल्प उभारूं शकणार नाहीं, असें मला वाटत नाहीं.

जे जमीन भाड्यानेंच देणार त्यांनीं कागद नीट पाहावे. २०२३ च्या योजनेंत भाडें हेक्टरी वर्षास सव्वा लाख रुपये, किंवा सरकारी मूल्यांकनाच्या सहा टक्के, ह्यांपैकीं जें अधिक तें, असें ठरलें. एकरीं सुमारें पन्नास हजार पडतात. वाढ दरसाल तीन टक्के, पण सरळ पद्धतीनें. ह्या सरळ शब्दावर बोट ठेवून वाचावें. सव्वा लाखाचे तीन टक्के म्हणजे ३,७५० रुपये. दरवर्षीं तेवढेच वाढणार. वीस वर्षें वाढ मिळाल्यावर भाडें दोन लाख होईल. चक्रवाढ असती तर तें सव्वा दोन लाखांवर गेलें असतें. करार एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यामुळें तो नोंदणीकृत हवा. सात-बाराच्या इतर हक्कांत काय काय चढतें आहे तें फेरफाराची नोटीस येतांच वाचावें, सहहिस्सेदारांच्या सह्या आधीं घ्याव्या, आणि जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर परवानगीवांचून कोणत्याही कागदावर अंगठा उठवूं नये. माझ्या नोकरींत भावाभावांचे जितके दावे मीं पाहिले, त्यांतील निम्म्यांचें मूळ न वाचतां केलेल्या सहींत होतें.

परदेशांत हे प्रश्न आपल्याआधीं उभे राहिले. जर्मनींत लाखों छपरांवरचीं यंत्रें जाळ्याची आवृत्ति ५०.२ झाली कीं एकाच क्षणीं बंद व्हावीं अशीं बसविलीं होतीं. थोडीं होतीं तोंवर तें सुरक्षित होतें. पुष्कळ झालीं तेव्हां ध्यानांत आलें कीं, तीं सर्व एकदम बंद पडलीं तर सारें जाळेंच कोसळेल. २०१२ सालीं नियम करून जुनीं यंत्रें बदलून घ्यावीं लागलीं. नियम एका काळाला बरोबर असून दुसऱ्या काळाला कसा धोक्याचा ठरतो, त्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मला सांपडलें नाहीं. युरोपीय संघानें तर २००३ च्या आज्ञेंतच असें घातलें कीं, वितरण कंपनीनें नवीन तारा व रोहित्रें टाकण्याची आंखणी करतांना, गांवच्या विजेनें किंवा बचतीनें तें काम टळेल काय याचा विचार करावा. आणि २०१९ च्या आज्ञेप्रमाणें निदान दोन वर्षांनीं जाळ्याच्या विकासाची योजना प्रसिद्ध करावी. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२१ सालीं वितरणसुधारणेसाठीं तीन लाख कोटींहून अधिक रकमेची योजना काढिली. तींतून नवीन वाहिनी टाकतांना ज्या फीडरच्या टेलला अर्ध्या मेगावॅटचा प्रकल्प बसल्यानें दाब सुधारला असता, तेथें तो हिशेब कोणीं केला काय? मीं एका ठिकाणीं हें विचारलें. उत्तर मिळालें कीं, तारांचा विभाग निराळा आणि सौरविभाग निराळा. महसुलांत मोजणी एका कचेरींत व नोंद दुसरींत, ह्या पद्धतींत ज्यानें हयात घालविली त्यास ह्या उत्तराचें आश्चर्य वाटलें नाहीं.

दाद कोठें मागावी हें सांगून पुरें करितों. अर्ज नेहमीं लेखी द्यावा, किंवा संगणकावर भरून त्याचा क्रमांक जपावा. नकार मिळाल्यास कोणत्या नियमाखालीं व रोहित्रावर आज किती किलोवॅट जोडलेले आहेत, तें लेखी मागावें. मर्यादा भरली असें उत्तर आल्यास भाराचा अभ्यास करण्याची विनंती २०१९ च्या नियमांचा उल्लेख करून करावी, आणि फेज वांटून पाहण्याचें सुचवावें. एवढ्यानें न भागल्यास कायद्याच्या कलम ४२ खालीं ग्राहक गाऱ्हाणें निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तेथें जातां येतें. मंचाचा निकाल मान्य नसल्यास साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जावें. वकील लावण्याची सक्ति नाहीं. मंचापुढें जातांना बिलें, पोंच, आणि इन्व्हर्टर बंद पडल्याच्या तारखा व वेळा ह्यांचें टांचण करून न्यावें. माझ्या वहींत अशा एकवीस नोंदी होत्या, आणि त्या पाहूनच लाइनमनला दुपारचा दोष दुपारींच पाहण्याची बुद्धि झाली.

आमच्या आळीचें रोहित्र गेल्या पावसाळ्याआधीं बदललें. ६३ च्या जागीं १०० चें बसलें. काढलेलें जुनें रोहित्र ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नेऊन लाविलें. तेथें आजमितीस सात अर्ज पडून आहेत, आणि त्यांपैकीं तिघांपाशीं पोंच नाहीं.